फ्लायव्हील हलके करायचे, पण किती आणि कुठून?

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात फोर बाय फोर गाड्या चिखलात उतरू लागल्या, की फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, बोल्टने जोडलेली जड चकती) लेथवर हलके करून घेण्याची चर्चा रंगते. त्यामागची समजूत अशी की वजन कमी झाले की इंजिनाची ताकद वाढते. प्रत्यक्षात ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. रेस दिल्यावर इंजिन लवकर चढते आणि सोडल्यावर लवकर उतरते, इतकेच होते. गाडी एकाच वेगाने चालत असेल तर हलके असो वा जड, फ्लायव्हीलमुळे ताकदीत काहीही फरक पडत नाही.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक, म्हणजे इंधन जळून बसणारा धक्का, मिळतो. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) हे सेकंदाला सुमारे २७ धक्के झाले. दोन धक्क्यांच्या मधली उणीव फ्लायव्हील आपल्या फिरण्यातल्या ऊर्जेच्या साठ्यातून भरून काढते. हा साठा आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समजा फ्लायव्हील १२ किलोचे, २८० मिमी व्यासाचे आणि सर्वत्र सारख्या जाडीचे आहे. ३००० आरपीएमला त्यात सुमारे ५८०० ज्यूल ऊर्जा असते, ८०० ला जेमतेम ४१०. म्हणजे कातळावरून गाडी रांगत चढवताना, जेव्हा साठ्याची गरज सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा पाच-सहा टक्के विरळ असल्याने टर्बो नसलेले इंजिन खालच्या आरपीएमला आधीच थोडे कमी ओढते.

वजन कुठून काढले याला किती काढले यापेक्षा जास्त महत्त्व आहे. जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. वरच्याच फ्लायव्हीलच्या कडेजवळून, १२० मिमी त्रिज्येवरून दीड किलो काढले तर जडत्व सुमारे १८ टक्के घटते. तेवढेच वजन मध्याजवळून, ५० मिमीवरून काढले तर घट जेमतेम ३ टक्के. शिवाय मध्याजवळचा भाग क्रँकच्या बोल्टांना धरून असतो, त्याला हात लावायचाच नाही.

कडेवरच्या या दीड किलोचा परिणाम गिअरप्रमाणे बदलतो, कारण इथेही गिअरच्या गुणोत्तराचा वर्गच येतो. चाकाची त्रिज्या ३६० मिमी धरू. टॉप गिअरमध्ये एकूण गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) ४ असेल तर जडत्वातली घट गाडीचे वजन पावणेतीन किलोने कमी केल्याइतकी. पहिल्या गिअरमध्ये गुणोत्तर १५ असेल तर ३७ किलो. लो रेंजच्या (फोर बाय फोरच्या जादा मंद गिअरजोडीच्या) पहिल्यात ३६ असेल तर तब्बल २१६ किलो! चिखलात टायरच्या खाचा मोकळ्या करायला चाक झटकन फिरवायचे असेल तर हा मोठा फायदा आहे. हवेत फिरणारे चाक अचानक पकड घेते तेव्हा ॲक्सल आणि युनिव्हर्सल जॉइंटला बसणारा दणकाही कमी होतो. पण दगडावर चाक अडले की गाडी बंद पडू न देणारे जडत्वही तेच असते. म्हणून पेट्रोल गाडी चिखलात आणि नदीपात्रातल्या वाळूत चालवणाऱ्यांनी दहा-बारा टक्के वजन काढावे आणि थांबावे. मुख्यतः कातळ चढवणाऱ्यांनी आणि जुन्या डिझेल जीपवाल्यांनी फ्लायव्हील आहे तसेच ठेवावे. ड्युअल मास फ्लायव्हील तर लेथवर चढवूच नये. ते दोन भागांचे असते आणि त्याच्या आत स्प्रिंगा असतात.

काम करायचेच ठरले तर गिअरबॉक्स उतरवल्यावर क्रँक आणि फ्लायव्हील यांवर जुळणारी खूण करा. प्रेशर प्लेटचे (क्लच फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या तबकडीचे) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. मग फ्लायव्हील दोरीला टांगून हलक्या हातोडीने ठोका. स्वच्छ, लांबणारा नाद हवा. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर ते भंगारात टाका. क्लचच्या बाजूला निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तरीही हे फ्लायव्हील हलके करण्याच्या लायकीचे नाही. हाफ क्लचची उष्णता फ्लायव्हीलचे बीड (ओतीव लोखंड) शोषते. बीड कमी झाले की ते आणखी लवकर तापते.

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथवाले भरपूर आहेत. टर्नरला स्पष्ट सांगा: कट फक्त इंजिनाकडच्या बाजूने घ्यायचा. १०५ ते १३५ मिमी त्रिज्येच्या पट्ट्यातून ९ मिमी खोल कट घेतला की सुमारे दीड किलो बीड निघते. पण आधी त्या जागी जाडी किती आहे ते मोजा. प्रेशर प्लेटच्या बोल्टची भोके याच पट्ट्यात येतात. ८ मिमीच्या बोल्टला बीडात किमान १२ मिमी आटे उरले पाहिजेत. रिंग गिअरची बैठक, टायमिंगची खूण आणि क्रँक सेन्सरचे दाते यांना धक्का लागता कामा नये. कटाचा कोपरा काटकोनी न सोडता ३ मिमीची गोलाई द्या, कारण चीर तिथूनच सुरू होते. आरपार भोके पाडून वजन काढणे तर साफ चूक. ६००० आरपीएमला या फ्लायव्हीलची कड सेकंदाला ८८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३१७ किमी वेगाने फिरते. भोकाच्या काठावर ताण जवळपास तिप्पट होतो. बीड ताणात कच्चे असते, आणि फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे आवरण) फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात.

लेथनंतर प्रेशर प्लेट लावून बॅलन्सिंग करून घ्या. १२० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅमचा फरक राहिला तर ६००० आरपीएमला तो सुमारे ४८ किलोच्या जोराने क्रँक ओढतो. त्याची किंमत बेअरिंग मोजते.

एटीव्ही आणि डर्ट बाइकचे गणित वेगळे. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच पॉवर स्ट्रोक मिळतो, म्हणून खडकाळ वाटांसाठी तिथे लोक उलट वजन बसवतात. शिवाय तिथे मॅग्नेट (वीज तयार करणारा फिरता भाग) हाच फ्लायव्हीलचे काम करतो आणि त्याच्या आत चुंबके बसवलेली असतात. तो लेथवर नेऊ नका.

फिटिंग करताना क्रँकचे मागचे ऑइल सील आणि पायलट बेअरिंग नवे टाका, बोल्टही नवे घ्या आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. आयडलिंग डुलत असेल तर कार्ब्युरेटरच्या गाडीत ५० ते १०० आरपीएम वाढवा. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स थोडा खडखडला तर घाबरायचे कारण नाही. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असलेल्या गाडीत मात्र चेक इंजिनचा दिवा पेटू शकतो. क्रँकच्या वेगातले चढउतार वाढले की ईसीयू त्याला मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे, समजतो. अशा वेळी प्लग आणि कॉइल बदलण्याआधी वजन किती काढले होते ते तपासा.