जप्त केलेली गाडी, मोबाईल पोलिसांकडून परत मिळवायचा अर्ज: कुठे अडतो आणि का

"सहा महिने तरी थांबावं लागेल" असं कुणीतरी सांगितलं म्हणून घरी बसून राहिलेली माणसं सोलापूरच्या न्यायालयात नेहमी भेटतात. तोवर गाडीचे टायर बसलेले असतात, बॅटरी गेलेली असते. सहा महिन्यांची मुदत बेवारस मालासाठी आहे. मालकच ठाऊक नसेल तर न्यायदंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगायला सहा महिने देतात. मालक म्हणून तुम्ही समोर उभे असाल तर अर्ज आजच करा.

अर्जाचं नाव 'मुद्देमाल परत मिळणेकामी अर्ज' (मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेला माल). माल अजून न्यायालयात हजर केलेला नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३, हजर झाला असेल तर ४९७ (१ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४५७ आणि ४५१). ४९७ मध्ये चौदा दिवसांत मालाची यादी आणि त्यानंतर तीस दिवसांत आदेश असं लिहिलंय, पण ते दिवस माल न्यायालयापुढे आल्यापासून मोजतात. पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या गाडीसाठी ते आपोआप सुरू होत नाहीत. अशा गाडीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई निकाल जोडा. माल ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिन्याहून जास्त पडू नये, असं त्यात म्हटलंय.

सगळ्यात जास्त अर्ज आर.सी.वरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) नावापाशी अडतात. यंत्रमागावर काम करणारा माणूस ओळखीतून जुनी दुचाकी घेतो, पैसे रोख देतो, टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सह्या होतात आणि कागद कपाटात राहतो. आरटीओच्या नोंदीत मालक जुनाच. न्यायालय विचारतं, तुम्ही कोण? अशा वेळी जुन्या मालकाला शोधा, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्र घ्या. जमलं तर अर्ज त्याच्याच नावाने करून स्वतःला अधिकारपत्र घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र जोडा. विमा संपला असेल तर आधी भरा.

मोबाईलचं दुखणं वेगळं. बिल कुणाकडेच नसतं. खोक्यावरचा आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) चालतो, पण तो जप्ती पंचनाम्यातल्या नंबरशी अंकाला अंक जुळला पाहिजे. पंचनाम्यात नुसतं 'काळ्या रंगाचा मोबाईल' असं लिहिलेलं असलं की पुढे फार त्रास होतो. म्हणून जप्तीच्या वेळीच नंबर लिहून घ्यायला सांगा. घराची किंवा अंगाची झडती झाली तर जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार ती द्यायलाच हवी, तो उपकार नव्हे. कलम १०५ मुळे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक झालंय. राज्यघटनेच्या कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येत नाही, आणि तो आधार कागदावरच दिसतो. "नंतर या, देऊ" यावर विसंबू नका, माणसं इथेच फसतात.

अर्ज दिला की न्यायालय पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. ते वेळेत येत नाही, तारखा पडतात, आणि रोज बुडतो तो अर्जदाराचा. ठाण्यात मुद्देमाल कारकुनाला भेटा, गुन्हा क्रमांक सांगून पाठपुरावा करा. आदेश झाला की सुपुर्दनामा (माल ताब्यात घेतल्याचा लेख), बंधपत्र (अटी पाळण्याची लेखी हमी), फोटो. गाडी विकायची किंवा रंग बदलायचा नाही, ही अट बहुधा असतेच.

शहरातल्या ठाण्याचा गुन्हा असेल तर सोलापुरात अर्ज चालतो. बार्शी किंवा पंढरपूरकडचा गुन्हा असेल तर तिथल्या न्यायालयात जा, उगाच इथे खेटे घालू नका. भीमेतल्या वाळूचं वाहन महसूलने पकडलं असेल तर तो रस्ताच निराळा: अर्ज जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, आणि आधी दंड.