गाठ गळ्याला, मूळ कुठे?

सोलापुरात गळ्याला गाठ आली की घरात आधी टीबीचं नाव निघतं. ते अगदीच चुकीचं नसतं. पण विडी, मिश्री आणि गुटख्याच्या या जिल्ह्यात चाळिशीपुढच्या माणसाच्या गळ्यातली टणक, न दुखणारी गाठ कॅन्सरची तर नाही ना, हे आधी बघायला हवं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच बार्शीत सुरू झाली. कधी सुईच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी निघतात आणि तोंड, नाक, घसा तपासूनही त्या आल्या कुठून ते कळत नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शंभरात दोन-चार जणांची ही गत होते.

हे मूळ शोधण्याची धडपड जुनी आहे. मानुएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या गृहस्थाने १८५४ मध्ये आरशांच्या मदतीने स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं. पुढे कितीतरी वर्षं आरसा आणि डॉक्टरचं बोट हीच मुख्य साधनं होती. न्यूयॉर्कचे सर्जन हेस मार्टिन यांनी १९४४ मध्ये बजावलं की गळ्याची गाठ हे लपलेल्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. गाठ कापायची घाई नको, आधी मूळ शोधा, हा त्यांचा आग्रह. मूळ सापडलं नाही तर घशाच्या सगळ्या संशयित भागाला रेडिएशन द्यावं लागे आणि तोंडाची कोरड जन्माची सोबत होई.

१९७१ मध्ये ब्रिटिश अभियंते हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला, मग एमआरआय आलं. दोन्ही आकार दाखवतात. जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलच्या खाचेत दडलेला काही मिलिमीटरचा कॅन्सर आकारावरून ओळखणं कठीणच.

तिथे जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्ग यांचं १९२० च्या दशकातलं निरीक्षण कामी आलं: कॅन्सरच्या पेशी साखरेच्या हावऱ्या असतात. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, १९७६ मध्ये माणसाला पहिल्यांदा टोचली गेली. साखर जिथे साठते ती जागा, तिच्यातला किरणोत्सार टिपणाऱ्या पेट स्कॅनमध्ये उजळते. ही जागा नेमकी कुठली, हे सांगणारं पेट-सीटीचं जोडयंत्र १९९८ मध्ये पिट्सबर्गला तयार झालं.

भारतात पेट आलं २००२ मध्ये, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, सोबत मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे एफडीजीसाठी लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारं यंत्र. एफडीजी या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे मुंबईहून रस्त्याने सोलापूरला आणायचं तर सात-साडेसात तासांत जेमतेम सोळावा हिस्सा उरणार. तेव्हा औषधाने इकडे येण्यापेक्षा रुग्णाने सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडणं सोपं होतं.

पेटही सर्वज्ञ नाही. साध्या तपासण्यांत हुकलेलं मूळ ते साधारण चारातल्या एकाच रुग्णात दाखवतं. निरोगी टॉन्सिलही उजळतात. टीबीच्या गाठीही उजळतात, आणि आपल्याकडे ही अडचण किरकोळ नाही. बायोप्सीची ताजी जखमसुद्धा चकवते, म्हणून स्कॅन आधी आणि तुकडा नंतर, असा क्रम ठेवतात. अजूनही काही रुग्णांचे टॉन्सिल काढून, त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली मूळ शोधावं लागतं.

आता गाठीलाच विचारतात. तिच्यातल्या पेशींची पी१६ या प्रथिनाची चाचणी ठळक आली तर एचपीव्ही या विषाणूचा संशय घेऊन टॉन्सिल आणि जिभेचं मूळ आधी तपासतात. एपस्टाइन-बार विषाणूची खूण मिळाली तर दुर्बीण नाकामागे जाते.