पाच किलोची पैठणी

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मावशीचा फोन आला. "अगं, एक किलो तीनशे ग्रॅम वाढलं. दोन दिवसांत! दोन महिने मर मर करून काय मिळालं?" आवाज रडवेला होता. जानेवारीत तिनं स्वतःला शब्द दिला होता, पाच किलो उतरले की येवल्याची पैठणी घ्यायची. रंग मोरपंखी, काठ नारळी, सगळं ठरलेलं. होळीच्या आदल्या दिवशी काटा ४.८ किलोची घट दाखवत होता. पैठणी दोनशे ग्रॅमवर आली होती. मग पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली, आणि काट्यानं पैठणी पार दूर नेऊन ठेवली. त्या दिवशी ती संध्याकाळी फिरायला गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानंतर वजनकाटा पलंगाखाली गेलेला होता.

वजन कमी करताना टप्प्याटप्प्यावर स्वतःला बक्षीस द्या, हा सल्ला आता सगळीकडे मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण बक्षीस कशाला बांधायचं, हे त्यात कोणी सांगत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी त्या तेराशे ग्रॅमचा हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. तेराशे ग्रॅम चरबी चढवायला गरजेपेक्षा दहा हजार किलोकॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. एका तूप घातलेल्या पुरणपोळीच्या ३०० धरल्या, तर रोजचं जेवण जेवून वर ३३ पोळ्या. मावशीनं दोन दिवसांत मिळून चार खाल्ल्या होत्या. मग काटा वाढला कशानं?

मुख्यतः पाण्यानं. आपलं शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं, यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. म्हणजे साठा पूर्ण भरलेला आणि पूर्ण रिकामा यांत जवळपास दोन किलोंचा फरक पडू शकतो, आणि त्यात चरबीचा एक कणही नसतो. भात-पोळी कमी केलेल्या माणसाचा साठा अर्धामुर्धा रिकामा असतो. सणाचं गोड आणि पिष्टमय पदार्थ तो लगेच भरून काढतात. शिवाय मीठ आलंच. सलाइनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच आहे. पापड-लोणच्यातून, आमटीतून जास्तीचं मीठ गेलं की ते प्रमाण राखायला शरीर पाणी धरून ठेवतं आणि मूत्रपिंडं ते दोन-तीन दिवसांत बाहेर काढतात. आतड्यात असलेल्या अन्नाचं वजन वेगळंच.

आता दुसरी बाजू बघा. रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली, जी सोपी गोष्ट नाही, तर दिवसाला कमी होणारी चरबी असते साधारण ६५ ग्रॅम. काटा पाण्यामुळे किलोभर इकडेतिकडे डोलतो आणि आपण त्यात ६५ ग्रॅम शोधतो. 'पहिल्या आठवड्यात तीन किलो कमी' अशी जाहिरात करणारे याच पाण्यावर धंदा करतात. घामाचा पट्टा कंबरेला बांधून जे उतरतं ते पाणीच, दोन पेले प्यायलं की परत. आणि कोमट पाण्यात मध-लिंबू घातल्यानं चरबी 'वितळते' हा तर आपल्याकडे घराघरात मुरलेला समज. चरबी तशी वितळून वाहून जात नाही. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ मध्ये अणूंचा साधा हिशेब मांडला होता: १० किलो चरबी पूर्ण जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. मावशीची चरबी संध्याकाळच्या फिरण्यात तिच्या नाकातोंडातून गेली होती. हे तिला सांगितलं तेव्हा ती फोनवर गप्प झाली, मग म्हणाली, "काय सांगतेस!"

पण मला खरं सांगायचंय ते मेंदूबद्दल. चार पोळ्यांनंतर फिरणं का सुटलं? मावशी आळशी नाही. तिचा निश्चय पक्का असतो, हे मी लहानपणापासून बघतेय. इथे एक यंत्रणा काम करते, आणि ती मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्गला माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या चेतापेशींचा अभ्यास करत होते. या पेशी मेंदूच्या मध्यभागी खोल असतात. एकेका पेशीजवळ बारीक तार नेऊन तिचे विजेचे ठोके ऐकता येतात. एरवी ती सेकंदाला चार-पाच ठोके देत शांत चालू असते. माकडाच्या जिभेवर अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला, की पेशी तडतडते. इथवर अपेक्षितच. मग शुल्ट्झनी रसाच्या थोडं आधी दिवा लावायला सुरुवात केली. दिवा, रस. दिवा, रस. माकडाला संबंध कळला, आणि पेशीनं रसाला प्रतिसाद देणं बंद केलं. आता ती दिव्याला तडतडायची. रस जिभेवर पडला तरी शांत. रस तोच होता, गोडीही तीच, पण त्यात आता नवीन काही नव्हतं. यापुढचं तर विलक्षण आहे. दिवा लावला आणि रस दिलाच नाही, तर रस ज्या क्षणी यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशीचे नेहमीचे ठोकेही बंद पडले. जे घडलं नाही, त्याची वेळेसकट नोंद.

१९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटॅग्यू यांनी याचा अर्थ लावला. डोपामिनचे ठोके बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षेतली चूक मोजतात:

चूक = आता मिळालेलं + पुढे मिळेल असं आता वाटतंय ते − आधी वाटत होतं ते

हे सूत्र त्यांच्या आधीच संगणकाला शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी घडवलं होतं. त्या दोघांना त्यासाठी संगणकशास्त्रातला २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यंत्रासाठी कागदावर मांडलेलं समीकरण माकडाच्या मेंदूत ठोक्यांच्या रूपात सापडावं, याचं मला आजही नवल वाटतं.

आकडे घालून बघू. बक्षिसाची किंमत १० धरा आणि दर वेळी चुकीच्या पाचव्या भागाइतकी अपेक्षा वाढते असं धरा. पहिल्यांदा अपेक्षा ०, चूक १०, अपेक्षा होते २. दुसऱ्यांदा चूक ८, अपेक्षा ३.६. तिसऱ्यांदा चूक ६.४, अपेक्षा ४.८८. दहा वेळा झालं की पुढच्या खेपेची चूक उरते १.०७, वीस वेळांनंतर ०.१२. बक्षीस दहाचंच आहे, पण मेंदूला त्यातून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. दर रविवारी ठरलेली आइस्क्रीम महिन्या-दोन महिन्यांत फक्त आइस्क्रीम होऊन जाते ती याचमुळे. आणि अपेक्षा ९ वर असताना हाती ० आलं, तर चूक उणे ९.

म्हणून 'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' हे जे मोबाइलवर दिवसभर ऐकू येतं, ते चुकीचं आहे. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं तर ते चवीनं ओठ चाटतात, हे मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी दाखवून दिलं आहे. गोडी त्यांना कळते. नाहीशी होते ती ते मिळवायला उठण्याची इच्छा. 'डोपामिन डिटॉक्स' म्हणून विकले जाणारे उपासही त्यामुळे निरर्थक. डोपामिन हे विष नाही. त्याच्या पेशी मरू लागतात तेव्हा होणाऱ्या आजाराला पार्किन्सन म्हणतात.

आणखी एक तुकडा जोडला की मावशीचं कोडं सुटतं. ठोका पडला, पण तो कोणत्या कृतीच्या खात्यावर जमा होणार? टोकियोतल्या यागिशिता आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उंदरांच्या मेंदूतले चेतापेशींचे जोड तपासले. जोडावर संदेश आल्यानंतर ०.३ ते २ सेकंदांत डोपामिन पोहोचलं तर तो जोड बळकट होतो. त्याहून उशीर झाला तर नाही. दोन सेकंद! मार्चमधली पैठणी जानेवारीतल्या फिरण्याला या वाटेनं बळ देऊच शकत नाही. माणसाला भाषा आहे, कल्पना आहे, त्यामुळे लांबचं बक्षीस आपल्याला ओढतं हे खरं. पण ते मनात धरून रोज उठावं लागतं, आणि त्याला कष्ट पडतात. सवय मात्र त्या दोन सेकंदांत घडते.

माकडाचा निष्कर्ष माणसाला लावताना सावध राहायला हवं, पण माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही अपेक्षेतल्या चुकीच्या अशा खुणा दिसतात. त्या आधारावर मी मावशीची सकाळ अशी वाचते. ४.८ दिसल्यापासून पैठणी मिळाल्यात जमा होती. होळीनंतर काट्यावर पाय ठेवला आणि ठोके बंद पडले. ती उणे चूक कुणाच्या खात्यावर गेली? चार पोळ्या दोन दिवस जुन्या होत्या. ताजं होतं ते काट्यावर चढणं आणि 'आपण हे रोज करतोय' हा विचार. शिक्षा त्यांना झाली.

पाच किलो पूर्ण झाले असते तर? तिथेही एक खड्डा आहे. आयलेट फिशबाख आणि रवी धर यांनी २००५ मध्ये एक छोटा प्रयोग मांडला. वजन कमी करू पाहणाऱ्यांना एका पट्टीवर आपण ध्येयापासून किती दूर आहोत याची खूण करायला सांगितली. काहींच्या पट्टीचं टोक २५ पौंडांचं, काहींचं ५ पौंडांचं. २५ च्या पट्टीवर खूण केली की आपण ध्येयाजवळच आहोत असं वाटतं. नंतर निघताना सफरचंद किंवा चॉकलेट यांतलं एक घ्यायचं. ज्यांना प्रगती जास्त झाल्यासारखी वाटली त्यांच्यातल्या ८५ टक्के लोकांनी चॉकलेट उचललं, बाकीच्यांत ५८ टक्क्यांनी. 'एवढं केलंय, आता एक गुलाबजाम चालतो' हे वाक्य प्रत्येक घरात आहे. टप्पा गाठल्याची जाणीवच परवानगी होऊन बसते, आणि बक्षीसही खाण्याचंच असेल तर ती परवानगी सहीशिक्क्यासह मिळते.

पैशांचं काय? दुबईच्या नगरपालिकेनं २०१३ च्या रमजानमध्ये उतरलेल्या दर किलोला एक ग्रॅम सोनं देऊ केलं होतं. आपल्याकडे तुला म्हणजे वजनाइतकं सोनं दान करणं, तिथे गमावलेल्या वजनाचं सोनं. त्याहून काटेकोर प्रयोग २००८ मध्ये फिलाडेल्फियात केव्हिन व्होल्प यांनी केला. ५७ जण, १६ आठवडे. एका गटानं स्वतःचे पैसे लावायचे, ध्येय गाठलं तर भर घालून परत. दुसऱ्याला लॉटरी. तिसऱ्याला काहीच नाही. पैसे लावणाऱ्यांचं सरासरी ६.४ किलो उतरलं, लॉटरीवाल्यांचं ५.९, तिसऱ्या गटाचं १.८. छान. पण सात महिन्यांनी पाहिलं तर बरंचसं वजन परत आलेलं होतं आणि गटागटांतला फरक भरवसा ठेवण्याइतका राहिला नव्हता. बक्षीस थांबलं होतं. शरीर थांबलं नव्हतं: वजन उतरल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, आणि ही ओढ वर्षानंतरही टिकून असते, असं २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे टप्प्याचं बक्षीस संपतं तेव्हाच शरीराचा जोर सर्वांत जास्त असतो.

म्हणून आम्ही मावशीच्या पैठणीची किलोशी बांधलेली गाठ सोडली. आता ती फिरून आली की चपला काढायच्या आधी दारामागच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लाल फुली मारते आणि खाली ठेवलेल्या पितळी डब्यात पन्नासची नोट टाकते. घरी पोहोचणं आणि फुली, यांत दोन सेकंद. डब्यातले पैसे पैठणीचे, काटा काहीही म्हणो. काटा पलंगाखालून बाहेर आलाय, पण रोजच्या आकड्याकडे ती बघून न बघितल्यासारखं करते आणि सोमवारी सात दिवसांची सरासरी काढते. सरासरीत पाण्याचं डोलणं बरंचसं एकमेकांत जिरून जातं. आणि काकांना मी शुल्ट्झची माकडं समजावली तेव्हा त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. अधूनमधून, कोणता दिवस ते अजिबात न सांगता, ती दारात पोहोचते तेव्हा ते मोगऱ्याचा गजरा पुढे करतात. ठरलेल्या शुक्रवारी आणला असता तर दोन महिन्यांत शुक्रवारचाच दिवा झाला असता, आणि गजरा हाती आला तरी पेशी शांतच राहिल्या असत्या.

गेल्या आठवड्यात डबा मोजला. १२० दिवसांत १०९ फुल्या, ५,४५० रुपये. वजन किती झालं विचारलं तर म्हणाली, "सोमवारी सांगते."