काक्षीचा तांबूस रंग

फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमाराला मृग नक्षत्र आकाशात चांगलं वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांतले चार तारे हे हरणाचे पाय, मधले एका ओळीतले तीन म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण. पायांपैकी काक्षी आणि राजन्य कर्णावर समोरासमोर येतात. आधी एकाकडे नीट बघा, मग दुसऱ्याकडे. काक्षी विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस, तर राजन्य पांढराशुभ्र, किंचित निळसर. नुसत्या डोळ्यांना दिसणारा हा फरक तापमानाचा आहे. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंशांचा, राजन्यचा बारा हजारांच्या घरातला.

काक्षी मरणपंथाला लागला आहे. वय मात्र जेमतेम 1 कोटी वर्षांच्या आसपास! आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा होऊनही अजून ऐन भरात आहे. ताऱ्यांच्या बाबतीत मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हेच, की जो जितका वजनदार तितका तो अल्पायुषी. वजन जास्त म्हणून गाभ्यावरचा दाब जास्त, दाबामुळे तापमान जास्त आणि त्यामुळे हायड्रोजनचा फडशाही झपाट्याने पडतो. सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो. काक्षीकडे जन्मतः इंधन होतं सूर्याच्या पंधरा-वीस पट, पण उधळपट्टी हजारो पटींनी.

हायड्रोजननंतर हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन अशी पाळी येते. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लवकर उरकतो. सिलिकॉन तर काही दिवसांतच संपतो. उरतं लोखंड. त्याच्या संमीलनातून, म्हणजे अणुकेंद्रं एकमेकांत मिसळण्यातून, ऊर्जा मिळत नाही, उलट खर्चच होते. वरचा भार पेलणारं काही राहत नाही आणि गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाकीचा तारा फुटून उधळला जातो. 2019 च्या अखेरीस काक्षी अचानक मंदावला, तेव्हा हीच वेळ आली की काय असं अनेकांना वाटलं. नंतर कळलं, की त्यानेच बाहेर फेकलेल्या धुळीने त्याचा चेहरा झाकला होता.

सूर्याच्या वाट्याला असा स्फोट नाही. तो फुगेल, बाहेरची आवरणं सोडून देईल आणि मागे श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेला लहानसा घट्ट गाभा, उरेल. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध भेटतो. त्याला असाच एक जोडीदार आहे, आकाराने पृथ्वीएवढा, वजनाने सूर्याएवढा. अशा ताऱ्याचं वजन सूर्याच्या सुमारे 1.4 पटींपलीकडे जाऊ शकत नाही. या मर्यादेचं गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1930 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाताना बोटीवर मांडायला घेतलं होतं.

आता बाणाच्या दक्षिणेला वळा. तिथे मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका रेखीव दिसत नाही, फुंकर मारलेल्या काचेसारखा धुरकट दिसतो. तो सुमारे 1300 प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग आहे आणि त्यात तारे जन्माला येताहेत. साध्या द्विनेत्रीतूनही त्याचा पसरट उजेड ओळखू येतो. त्यातले बरेचसे तारे पेटले, तेव्हा पृथ्वीवर माणसाचे पूर्वज दगडाची हत्यारं घडवायला कधीच शिकले होते.