पपईचा व्हायरस झाडात शिरून करतो काय, आणि फवारणीने का जात नाही

आपल्या नर्सरीतून पपईची रोपं नेणाऱ्या सगळ्या शेतकरी दादांसाठी हे लिहितोय. दर सीझनला फोन येतात, "व्हायरस आलाय, काय मारू?" आणि फोनवर दोन मिनिटांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून बैजवार कागदावर उतरवलंय. घरात फवारणीचं जो बघतो त्यालाही वाचायला द्या.

पपईचं सगळ्यात जास्त नुकसान करतो तो रिंगस्पॉट व्हायरस. शेंड्याच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, पान आकसून बारीक होणं, देठावर आणि खोडाच्या कोवळ्या भागावर तेलकट गडद रेघा, फळावर गोल गोल कड्या. हा काही नवीन नाही, जुन्या मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या मोझॅक, म्हणजे पानावर चट्टे पाडणाऱ्या, रोगाची नोंद कपूर आणि वर्मा या शास्त्रज्ञांनी 1948 सालीच केलेली आहे.

आता हा व्हायरस म्हणजे नेमकं काय ते बघू. तो किडा नाही, बुरशी नाही, बॅक्टेरियाही नाही. एक बारीक लवचिक धागा, लांबी साधारण 800 नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे हजारापेक्षा जास्त धागे एकापुढे एक मावतील. वरून प्रोटीनचं आवरण आणि आत आरएनएची, म्हणजे नवे व्हायरस कसे बनवायचे त्याचे आदेश असलेल्या रसायनाची, एकच दोरी, तिच्यावर सुमारे 10,300 अक्षरांचा मजकूर. एवढंच. तो खात नाही, श्वास घेत नाही, स्वतःहून वाढत नाही. वाढायचं तर त्याला जिवंत पेशीच लागते.

आणि पेशीत शिरणंही त्याला स्वतःच्या जोरावर जमत नाही. कोरोनाच्या वेळी आपण सगळ्यांनी चित्रात बघितलं की त्याच्या अंगावर काटे असतात, ते माणसाच्या पेशीला चिकटतात आणि तो आत जातो. झाडाच्या पेशीला बाहेरून जाड भिंत असते, तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून पपईच्या व्हायरसला दुसऱ्या कुणीतरी भोक पाडून द्यावं लागतं, आणि ते काम करतो मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड.

इथे जरा नीट लक्ष द्या, कारण सगळी गडबड इथेच होते. पंखवाला मावा उडत येतो, पानावर बसतो आणि हे आपल्या खायचं आहे का ते बघायला सोंड खुपसून चव घेतो, काही सेकंदांचं काम. झाड रोगट असेल तर व्हायरस त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो. पपई माव्याला फारशी आवडत नाही, तो तिथे राहत नाही, लगेच उडतो आणि पुढच्या झाडावर परत तेच, आणि तिथे व्हायरस पेशीत उतरतो. म्हणजे तुम्ही कितीही जालीम कीटकनाशक मारलेलं असू द्या, ते माव्याला मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, उलट कधीकधी औषधाने मावा बेचैन होऊन जास्त झाडं फिरतो. आणि हा मावा तुमच्या पपईत वाढलेला नसतोच, आजूबाजूच्या पिकांतून आणि बांधावरच्या तणांतून आलेला असतो, त्यामुळे पपईवर मावा दिसत नाही म्हणून आपण बिनधास्त असतो आणि व्हायरस मात्र येऊन बसतो.

पेशीत गेल्यावर आवरण सुटतं आणि आरएनए मोकळा होतो. प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाची प्रोटीन बनवणारी यंत्रणा असते, झाडाच्या आदेशाप्रमाणे दिवसरात्र चालणारी. व्हायरसचा आरएनए दिसायला झाडाच्याच आदेशासारखा असतो, त्यामुळे रायबोसोम न विचारता तो वाचायला घेतो आणि एक लांबच लांब प्रोटीन तयार करतो. उसाच्या टिपऱ्या पाडतात तसे मग त्या लांब प्रोटीनचे तुकडे पडतात, साधारण दहा, आणि गंमत म्हणजे कोयता त्याच प्रोटीनच्या अंगात असतो, व्हायरस तोही सोबत घेऊनच येतो. प्रत्येक तुकड्याला वेगळं काम. एक आरएनएच्या कॉपी काढतो, आधी उलटी कॉपी आणि तिच्यावरून सुलट्या कॉप्यांवर कॉप्या. एक नवीन आवरण बनतो. एक माव्याच्या सोंडेला चिकटायला मदत करतो आणि तोच झाडाची रोगाशी लढायची ताकद दाबून टाकतो.

हो, झाडालाही ताकद असते. परका आरएनए ओळखून त्याचे तुकडे करायची सोय झाडाच्या पेशीत आहे, पण हा व्हायरस तीच बंद पाडतो.

तयार झालेले व्हायरस शेजारच्या पेशीत जातात, दोन पेशींच्या मधे बारीक वाटा असतात त्यातून. मग पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून वाहते त्या नळ्यांत पोचले की साखरेबरोबर सगळ्या झाडात, शेंड्याकडे, फळाकडे, मुळाकडे. म्हणून लक्षणं आधी शेंड्याच्या नव्या पानांवर दिसतात, आणि तीही लागण झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी. तुम्हाला पहिला चट्टा दिसतो तेव्हा व्हायरस झाडभर पसरलेला असतो, ते एक पान तोडून काहीच उपयोग नाही.

आता औषधाचं. बुरशीनाशक बुरशीसाठी, स्ट्रेप्टोसायक्लीन बॅक्टेरियासाठी. बॅक्टेरियाचा रायबोसोम वेगळा असतो, त्यामुळे अँटिबायोटिक त्याच्यावरच नेम धरतं. व्हायरस झाडाचाच रायबोसोम वापरतो, त्याला बंद करायचं म्हणजे झाडालाच बंद करायचं. त्यामुळे "व्हायरस क्लीअर करतो" असं लिहिलेली बाटली कुणी हातात दिली तर आमचं स्पष्ट मत आहे, पैसे घालू नका. झिंक, बोरॉन, खत-पाण्याने झाड जरा तग धरतं ते खरं, पण व्हायरस आहे तिथेच राहतो.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवर मात्र एक मोठं काम झालं. तिथल्या पुना भागात 1992 मध्ये हाच व्हायरस घुसला आणि बागा झपाट्याने बसल्या. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हायरसच्याच आवरणाचा जीन, म्हणजे ते बनवायचा आदेश, पपईत टाकला, त्यामुळे झाड व्हायरसचा आरएनए आधीच ओळखून कापून टाकतं. 1998 मध्ये त्याचं बी शेतकऱ्यांना मिळालं, जात रेनबो. आपल्याकडे अशा पपईला परवानगी नाही, आणि ती जात तिथल्या प्रकारच्या व्हायरससाठी केलेली आहे, दुसरीकडच्या व्हायरसपुढे टिकेलच असं नाही. आपण लावतो ती 786 नावाची जात गोड आहे, मार्केटला चालते, पण व्हायरसला बळी पडते. कुणी व्हायरसप्रूफ रोप म्हणून विकत असेल तर सावध राहा, आम्हीसुद्धा तसं म्हणत नाही.

मग आपल्या हातात काय? वेळ. रोप अवस्थेत किंवा लागवडीनंतर पहिल्या दोन महिन्यांत लागण झाली तर त्या झाडाला बहुतेक चांगलं फळ लागतच नाही, तीच लागण फळं भरल्यावर झाली तर निदान तोडा मिळतो. म्हणून सगळा जोर सुरुवातीला लावायचा. रोपं आम्ही कीटकरोधक नेटमध्येच वाढवतो. लागवडीनंतर क्रॉप कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं पातळ कापड, टाका, आणि पपईच्या चारी बाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी आधीच उगवून ठेवा. मावा आधी त्या पिकावर उतरतो, दोन-चार ठिकाणी सोंड खुपसतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथेच पुसला जातो, मका-ज्वारीला तो लागत नाही. आमच्या मते सगळ्यात स्वस्तातला आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. सिल्व्हर मल्चिंगच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या चंदेरी कागदाच्या, चकाकीने मावा कमी उतरतो, तेही जमलं तर करा. काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड जवळ नकोच, वेलवर्गात हा व्हायरस राहू शकतो. बियातून मात्र तो सहसा जात नाही.

आणि रोगट झाड दिसलं की उपटायचं, जीव तुटतो हे माहितीये, पण पहिली चार झाडं ठेवली की तिथूनच मावा बाकीच्यांना वाटत सुटतो. उपटून बांधावर टाकू नका, पुरा किंवा जाळा. सुरुवातीचे दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा तरी ओळीने फिरून शेंडे बघा.

पान गोळा होऊन खाली वाटीसारखं वळलं असेल तर तो बहुधा लीफ कर्ल नावाचा दुसरा रोग, तो पांढऱ्या माशीमुळे येतो, त्याचं गणित वेगळं. शंका आली तर आधी फवारू नका, शेंड्याच्या तीन पानांचा, देठाचा आणि अख्ख्या झाडाचा फोटो नर्सरीच्या व्हॉट्सअपवर टाका, सोबत लागवडीची तारीख आणि बांधाला काय पीक आहे तेही लिहा.