एका सिरिंजची झोप किती मिनिटांची?

गेल्या महिन्यात सोलापुरात मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या रात्री मामींचा जीव टांगणीला. "एकाच सुईत दोन तास झोपवतात म्हणे. डोस जास्त झाला आणि उठलेच नाहीत तर?" ही भीती घरोघरी आहे. पण त्या सुईचा अंमल दोन तास टिकतच नाही. जेमतेम पाच-दहा मिनिटं.

औषधाचं नाव प्रोपोफॉल. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, म्हणून सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन घेऊन त्याचं दुधासारखं पांढरं मिश्रण करतात. 60 किलोच्या माणसाला साधारण 12 मिली. शिरेत जाताना हात चुरचुरतो आणि मिनिटभरात शुद्ध हरपते.

मेंदूतल्या पेशींच्या पटलावर पाच प्रथिनांचं कडं असतं, मधोमध बंद भोक. गाबा हे रसायन कड्याला चिकटलं की भोक उघडतं, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशीला पुढे संदेश धाडणं जड जातं. प्रोपोफॉल गाबाची जागा घेत नाही. ते पटलात मुरतं, कड्यातल्या बीटा प्रथिनालगतच्या खाचेत बसतं आणि उघडलेलं भोक लवकर मिटू देत नाही. मात्रा वाढली तर गाबाशिवायही ते उघडतं.

मग जाग कशी येते? यकृत औषध मोडतंच, पण एका डोसनंतरची जाग मुख्यतः त्यामुळे नसते. मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून औषध आधी तिथे पोचतं. मग स्नायू आणि नंतर चरबी ते रक्तातून ओढून घेतात. रक्तातलं प्रमाण उतरलं की मेंदूतलं औषध रक्तात परत येतं. औषध अंगातच असतं, जागा तेवढी बदललेली. मला ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते.

म्हणूनच पुढची भूल पंपाने किंवा वायूने सतत चालू ठेवावी लागते. प्रोपोफॉल वेदना मारत नाही, त्याचं औषध वेगळं. शिवाय श्वास थांबतो, रक्तदाब उतरतो. त्यामुळे भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत रुग्णाच्या उशाशी असतात.

मामींनी अमावास्या टाळून तारीख घ्यायला लावली होती. क्लोराइडला तिथी कळत नाही. पोट भरलेलं असलं तर मात्र भुलीत अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून किमान सहा तास उपास. पहाटे मामी प्रेमाने दुधाचा चहा घेऊन आल्या, तेव्हा तो कप मी अडवला.