महापौर वेगळा, आयुक्त वेगळा

सीएसएमटीतून बाहेर पडलं की महापालिकेच्या इमारतीसमोर सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसतो. ‘हे मुंबईचे पहिले कमिशनर ना?’ असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. नाही हो! ते बॅरिस्टर, महापालिकेचे सभासद, आणि १८८४, १८८५ व १९०५ साली तिचे अध्यक्ष. त्या अध्यक्षपदाला पुढे १९३१ मध्ये महापौर हे नाव मिळालं.

महापौर तुम्हाला ठाऊक आहेच. नगरसेवक आपल्यातूनच त्याला निवडतात, तो सभा चालवतो, शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करतो.

खरा घोळ अधिकाराचा. १८८८ च्या कायद्यानं कारभाराची सत्ता आयुक्ताच्या हाती दिली, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. इंजिनिअर, सफाई खातं, बेकायदा बांधकामाची नोटीस, सगळं त्याच्याकडे. सभागृह धोरण ठरवतं, अर्थसंकल्प मंजूर करतं. मोठी कंत्राटं नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे यावी लागतात. म्हणून महापौर रस्त्याच्या इंजिनिअरला फोन करू शकतो, पण त्याचा हुकूम त्या इंजिनिअरवर चालत नाही. सभागृहाला आयुक्त हटवायचा असेल तर साधं बहुमतही पुरत नाही, एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मतं लागतात.

याचं मूळ १८७१ मध्ये आहे. आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या उधळपट्टीवर करदाते खवळले होते. तेव्हा पंचविशीतल्या फिरोजशहांनी लोकांच्या रोषाला न भिता वेगळं मांडलं: कारभार एका जबाबदार माणसाकडे असण्यात दोष नाही, त्याच्यावर नजर ठेवणारे लोकांनी निवडलेले नाहीत, यात आहे. पुढच्याच वर्षीच्या कायद्यानं ६४ पैकी ३२ जागा करदात्यांच्या मतांवर आल्या. १८८८ च्या कायद्यातही फिरोजशहांचा हात होता. मला ही मांडणी आजही पटते, पण दोन्ही बाजू जाग्यावर असतील तरच. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वेळेत झाली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. कचरा उचलला जात होता. पण अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. सभागृहात उठून जाब विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणूनच ‘पालिकेनं निर्णय घेतला’ हे वाक्य बातमीत वाचलं की मला राग येतो. पालिकेनं म्हणजे कुणी? सभागृहानं, स्थायी समितीनं, की आयुक्तानं? तेवढा एक शब्द लिहायला किती जागा लागते?

आणि गटार तुंबलं तर महापौर बंगल्यावर जाऊ नका. अर्ज वॉर्ड ऑफिसात, सहायक आयुक्तांच्या नावे द्या, पोच घ्या. त्याची एक प्रत नगरसेवकाला द्या, म्हणजे प्रभाग समितीच्या बैठकीत तारखेनिशी विचारायला त्याच्या हातात कागद असेल.